मिठाच्या गोणीवर पाय

मी रात्री तीन वेळा मुतायला उठतो. वय झालं की पुरुषाच्या आत एक गाठ असते ती फुगते आणि वाट अडवते, असं डॉक्टर सांगतात. माझी सून याला ‘वॉशरूमला जाणं’ म्हणते, डॉक्टर लघवी म्हणतात. मी तिसरी शिकलेला माणूस. मला एकच शब्द येतो आणि इथं तोच येणार. ज्याला लाज वाटेल त्याने पान उलटावं. लाजेपायी माझी बायको एकदा मरता मरता राहिली, तेव्हापासून मला लाजेचं कौतुक नाही.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हातारी होऊन गेली, आजारात लोळली नाही, सगळं बरं झालं असं लोक म्हणतात. म्हणू देत. ज्याच्या खाटेची एक बाजू रिकामी झाली त्यालाच ठाऊक. पण मला तिच्या मरणाचं लिहायचं नाही. ती ज्या वर्षी मरणार होती आणि मेली नाही, त्या वर्षाचं लिहायचं आहे.

आमचं गाव खाडीकाठचं. बोनकोड्याहून चालत यावं एवढ्या अंतरावर. आता तिथं इमारती आहेत, सोसायट्यांच्या कंपाउंडला रंग आहेत. सत्तर साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा गावापुढे भाताची शेतं होती, शेतांपुढे मिठागर, मग तिवरं आणि मग खाडी. जमिनीच्या नोटिसा आल्या होत्या, नवीन शहर होणार असं ऐकत होतो, पण मिठागर चालू होतं. दिवाळी झाली की खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्या-वाफ्यांतून फिरवून आटवायचं, लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून काठाला आणायचं. ते पाट्यांत भरून बांधावरच्या राशीवर न्यायचं काम बायकांचं. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत पाय खाऱ्या पाण्यात आणि डोक्यावर पाटी. माझी बायको पस्तिशीच्या पुढची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्याइतक्या पाट्या कोणी टाकत नसे.

तिला रात्री मुतायला लागायचं. एकदा-दोनदा नव्हे, चार-पाच वेळा. आणि गावात कोणाच्या घरात मोरीशिवाय काही नव्हतं. मोरीत पाण्याचे हंडे, आणि पलीकडे निजलेले दीर. तिथं बसायचं म्हणजे आवाज जाणार. बाहेर जायचं तर जेवणं झाल्यावर बाईने एकटीने उंबरा ओलांडायचा नाही हा रिवाज. संध्याकाळी बायका घोळक्याने जायच्या. रात्री मात्र ज्याची बायको त्याने कंदील घेऊन बांधापर्यंत सोबत जायचं आणि पाठ करून उभं राहायचं. बांधाला फुरसं निघायचं, म्हणून कंदील.

पाच वेळा उठायचं, पाच वेळा कंदील, आणि पहाटे पाण्याच्या वेळेला आगरात हजर. माझं डोकं फिरलेलं असायचं.

“ओ. उठा ना.”

“आता परत?”

“काय करू? आली हाय.”

एका रात्री चौथ्या खेपेला मी जोरात बोललो. “तुझ्या पोटान काय खाडी हाय काय गो? सगली भरती रातचीच येते!”

भिंतीपलीकडे धाकटा भाऊ आणि त्याची बायको जागे होते. ते फिसकन हसले. मलाही बरं वाटलं, चांगलं बोललो म्हणून. सकाळी आगरात जाऊबाईने सगळ्या बायकांसमोर विचारलं, “काय गो, भरती आली व्हती का रातची?” आणि बायका पाट्या खाली ठेवून हसल्या. माझी बायकोही हसली. मी ते लांबून पाहिलं. हसली म्हणजे तिला काही वाटलं नाही असं मी धरून चाललो. इतका मी शहाणा.

त्या दिवसापासून तिने मला उठवणं कमी केलं. पाचाचे दोन झाले. कधी कधी एकच. मला झोप मिळू लागली. पंधरा-वीस दिवस मी असा झोपलो की विचारू नका. आईला म्हटलंसुद्धा, “बरी झाली ती. आपोआप.”

ती बरी झाली नव्हती. तिने पाणी सोडलं होतं. सकाळी न्याहारीला एक भांडं प्यायची ते शेवटचं. आगरात बांधावर माठ असायचा, सगळ्या बायका पाटी टाकून आल्या की घोटभर प्यायच्या. ही माठाकडे जायची, पाण्याने तोंड पुसायची आणि परत फिरायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि एवढं करूनही रात्री मुतायला आलं तर दाबून ठेवायची, पहाटेच्या घोळक्यापर्यंत.

चैत्रातल्या एका दुपारी ती पाटीसकट बांधावर पडली. मीठ तिच्या अंगावर, केसांत, तोंडात. मी फळी टाकून धावलो तोवर बायकांनी तिला सावलीत ओढली होती. डोळे उघडे होते पण कोणाला पाहत नव्हते.

आई म्हणाली, “घामान अंगातला मीठ गेला. पाजा तिला.”

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत होतं. घामाने मीठ जातं, मीठ गेलं की माणूस पडतं, म्हणून मीठ खायचं. पेजेत मिठाचा खडा, ताकात खडा, दोन्ही वेळेला सुकट नाहीतर सुका बोंबील, वर खारवलेली कैरी. घरात मीठ मोजून कोण वापरतो? आमच्या घरात कोपऱ्यात गोणीच असायची, तोंड उघडं टाकलेली, मूठ घालायची आणि घ्यायचं. तर मी स्वतः राशीतला एक खडा घेतला, फावड्याच्या दांड्याने फोडला आणि तांब्यात घोळून तिला पाजला. तांब्याभर पाणी पोटात गेल्यावर ती शुद्धीवर आली. पाण्याने आली, पण आम्ही म्हटलं मिठाने आली. म्हणून आईने सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी चालू केलं. आठवडाभर.

आठ दिवसांत तिचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. जोडवी बोटांत रुतली, कातडी दोन्ही बाजूंनी वर आली. आणि रात्री पाचाचे सहा झाले. आता दाबून ठेवणंही जमेना. मी कंदील घेऊन जायचो, तोंडातून शब्द काढायचो नाही. काढायला तोंड कुठं होतं?

जोडवी कापावी लागणार असं दिसत होतं. आई म्हणाली, “नवरा जिता हाय तवर जोडवी कापायची नाय. अवदसा हाय ती.” आणि बायको अंथरुणात बसून शांतपणे म्हणाली, “मना साखर हाय. बाबाला व्हती तशी. तो बी रातचा उठून उठून गेला.”

तिचा बाप मधुमेहाने गेला होता, ते मला आठवलं. ती ते कित्येक महिने मनात धरून बसली होती. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की खरं होतं असं तिला वाटे. मी म्हटलं, “उद्या वाशीला जायचं.” ती म्हणाली, “बाप्या डाक्टर आसेल तर मी तोंड उघडनार नाय.” मी म्हटलं, “मी उघडीन.”

वाशीला तेव्हा नवीन वस्ती बसत होती, तिथं एक दवाखाना होता. डॉक्टरीणबाई निघाल्या, नशीब. पण बाकड्यावर पंधरा-वीस माणसं. आमचा नंबर लागला तेव्हा बाईंनी दारातूनच विचारलं, “काय होतंय?” बायको पदर तोंडात धरून उभी. मी थांबलो, थांबलो, आणि मग बोललो. मला हळू बोलता येत नाही. आगरात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ओरडून बोलायची सवय.

“बाई, ही रातची सहा वेला मुतते!”

बाकड्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की आत स्टोव्हवर सुया उकळत होत्या त्या भांड्यात मीही उकळलो असतो तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंना मात्र हसू आलं नाही. म्हणाल्या, “बरं केलंत सांगितलंत. या आत.”

आत त्यांनी एकेक विचारलं. दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा? जळजळ होते का, ताप येतो का? तहान फार लागते? संध्याकाळी चहा किती? घोरता का? बाळंतपणं किती? बायको जमिनीकडे पाहून उत्तरं देत होती. बाळंतपणाला म्हणाली, “पाच. चार जगली.” पाय दाबून पाहिले, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. मग लघवी मागितली.

नर्सने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, विटेसारखा लाल रंग आला तर साखर आहे, निळं राहिलं तर नाही. आम्ही दोघं त्या नळीकडे बघत होतो. मी आयुष्यात पाणी आटताना खूप पाहिलं, पण एवढ्या डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. ते उकळलं. ते निळंच राहिलं. नर्सने बाजूला ठेवून थंड होऊ दिलं, तरी निळं. बायकोने माझं मनगट धरलं. चार लोकांत तिने मला हात लावला तो पहिल्यांदा, आणि बहुतेक शेवटचा.

साखर नव्हती. रक्तदाब होता, आणि भरपूर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जेवणात मीठ किती?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, “बाई, आमी मिठागरावालं.”

मग त्यांनी जे समजावलं ते मला अजून तोंडपाठ आहे, कारण ते मला माझ्या कामासारखं वाटलं. मीठ पाण्याला धरून ठेवतं. अंगात मीठ जास्त झालं की पाणी अंगात साचतं. दिवसभर उभं राहिलं की ते पायात उतरतं. रात्री आडवं झालं की पायातलं पाणी वर येतं आणि मुताच्या वाटेने निघतं. म्हणजे दिवसा तुंबलेलं रात्री सुटतं. मी म्हटलं, म्हणजे उघाडी कुठल्या वेळेला उघडायची एवढाच सवाल आहे! बाई म्हणाल्या, “उघाडी म्हणजे?” मी सांगितलं, खाडीच्या पाण्याला बांधातून आत-बाहेर सोडायचं दार. त्या म्हणाल्या, “अगदी तेच. दार दिवसा उघडा.”

त्यांनी सांगितलं ते असं. दुपारी तासभर आडवं व्हायचं, पाय छातीपेक्षा उंच. सुकी मासळी बंद, खाल्लीच तर भिजवून ते पाणी टाकून. वरून मीठ नाही. पाणी दिवसभर पोटभर प्यायचं, उन्हात काम असताना तर अजिबात तोडायचं नाही, फक्त रात्रीच्या जेवणानंतर हात आखडायचा. संध्याकाळचा चहा बंद. गोळी सकाळी घ्यायची, संध्याकाळी नाही, कारण ती मुतवते. महिन्याने परत यायचं. मला म्हणाल्या, “आणि तुम्ही हसू नका, साठीनंतर तुमचीही पाळी आहे.” मी हसलो.

बाहेर आलो तर बाकड्यावरची एक बाई उठून बायकोच्या कानाला लागली. दिघ्याकडे राहणारी, नवरा कारखान्यात होता तिचा. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बायको खाडी दिसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि खाडी दिसल्यावर म्हणाली, “ती बी उठते. तीन वेला.” मग थोड्या वेळाने, “तुमच्या तोंडाला आग लागो.” पण आवाजात राग नव्हता.

घरी खरी लढाई होती. अळणी जेवण ऐकून आई म्हणाली, “मिठाच्या राशीवर बसून अळनी? लोका तोंडान शेन घालतील.” पण ते तिने सोसलं. तिला सोसवलं नाही ते दुपारचं. सून भर दुपारी, सासू बसलेली असताना, पाय वर करून पडणार! आमच्यात सासूपुढे सून पाय लांब करून बसत नसे. बायको म्हणाली, “मी नाय निजनार. मेली तरी चालल.” मी तिला ओढून ओटीवर आणली, उशा नव्हत्या म्हणून कोपऱ्यातली मिठाची गोणी आडवी केली आणि तिचे पाय त्यावर ठेवले.

आई ओरडली, “गोनीवर पाय? लक्ष्मीवर पाय?”

मी म्हटलं, “हिच्याच अंगात ती लक्ष्मी गेली हाय म्हनून पाय सुजलं. आता हिनंच उतरवायची.”

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको डोळे मिटून, तोंडावर पदर घेऊन पडायची आणि तास मोजायची.

पण ती पाणी पीत नव्हती. एवढं सगळं केलं आणि पाणी नाही. माठाशी जायची आणि तोंड पुसून परत यायची, हे आता मी बघत होतो. मी म्हटलं, “पी. मला उठव. दहा वेला उठव.” ती मान हलवायची. माझ्या एका वाक्याने तिची उठवायची हिंमत गेली होती, ती दुसऱ्या वाक्याने कशी परत येणार? मी माफी मागितली नाही. आमच्या पिढीला ते येत नव्हतं. मला दुसरं सुचलं.

त्या रात्री निजताना मी दोन तांबे पाणी प्यायलो. घटाघटा, तिच्यासमोर. ती म्हणाली, “एवढा पानी? रातचा?” मी तांब्या उपडा करून ठेवला. मध्यरात्री माझं पोट फुटायला आलं. मी उठलो, कंदील लावला आणि तिला हलवलं. “चल गो. मना जायाचा हाय. एकट्याला भ्या वाटतं.”

ती अंधारात माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मिठागराचा गडी, फुरसं हाताने फेकणारा. मग उठली. बांधावर मी एकीकडे, ती एकीकडे. दुसऱ्या खेपेलाही मीच उठवली. तिसऱ्याला धाकट्या भावाच्या खोलीतून आवाज आला, “दादा, तुला बी भरती काय?” मी म्हटलं, “व्हय रे. आमच्या घरान साथ आलीय.” त्यानंतर त्या भरतीवरून आगरात कोणी तिला बोललं नाही. मला मात्र वर्षभर बोलत होते.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी फळी ओढत होतो. ती माठाशी गेली. भांडं भरलं, तोंडाला लावलं आणि मान वर करून सगळं प्यायली. मग परत भरलं. मी फळी तशीच सोडून बघत उभा राहिलो, वाफ्यातलं मीठ परत पसरलं, मुकादमाने शिवी घातली. घालू दे.

महिन्याने पट्ट्याचा आकडा उतरला. सहाचे तीन झाले, पुढे दोन. एक दिवस ती गोणीवर पाय ठेवून पडलेली असताना मला म्हणाली, “बघा.” तिने पायाची बोटं हलवली. जोडवी गोल फिरत होती.

आणि आईचं सांगतो. आई रात्री किती वेळा उठते हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ती धाकट्या सुनेला घेऊन जायची, कोणाला सांगायचं नाही असा दम देऊन. पावसाआधीच्या एका दुपारी मी आगरातून लवकर आलो तर ओटीवर एक गोणी आणि चार पाय. दोन तरणे, दोन म्हातारे. आई डोळे मिटूनच म्हणाली, “काय बघतोस? गुडघं दुखतान म्हनून ठेवलं.” बायकोने पदराआड हसू दाबलं. वाशीच्या त्या दवाखान्यात पुढे गावातल्या सात-आठ बायका एकेक करून गेल्या. दोघींना खरंच साखर निघाली, एकीला मुतखडा. बायको त्यांच्याबरोबर जायची आणि दारात स्वतः सांगायची, माझ्याहून हळू आवाजात.

ऐंशीनंतर मिठागर बंद पडलं. मी कारखान्यात हमालीला लागलो. त्याच सुमाराला मी परसात चार पत्रे उभे करून संडास बांधला, गल्लीतला पहिला, वर बल्ब लावून. लोक हसले. सहा महिन्यांत गल्लीत आणखी पाच झाले. कंदील माळ्यावर गेला.

ती त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त जगली. गोळी सकाळी, वर मीठ नाही, दुपारी पाय वर. पुढे गोणी नव्हती, गादीची गुंडाळी होती, पण ती तिला गोणीच म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली पाळी माझ्यावर आली. नवीन गोळ्यांनी तिनाचे दोन होतील असं आताचे डॉक्टर म्हणतात. होतील. मी दुपारी गुंडाळीवर पाय ठेवून पडतो, संध्याकाळचा चहा सोडला. सून पहिल्यांदा हसली. परवा तिनेच हळूच विचारलं, “बाबा, आईंची ती डॉक्टरकडची गोष्ट सांगा ना. मलाही हल्ली रात्री उठावं लागतं.” मी सगळी सांगितली, मोठ्या आवाजात. उद्या ती तपासायला जाणार आहे. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाली, “या, पण दारात मी बोलेन.”

रात्री मला आता दोन तांबे प्यावे लागत नाहीत. आपोआप जाग येते. बाथरूम सहा पावलांवर आहे, दिवा रात्रभर चालू असतो. तरी उठताना माझा हात डाव्या बाजूला जातो आणि तोंडातून निघतं, “चल गो.” मग मी जातो आणि येतो.

सकाळी उठल्यावर तिचं पाण्याचं भांडं भरून पूर्ण पितो.